यात मी कुठं हाय?

शेवंता आत्याला पगार सुरू व्हायच्या आधी आमच्या घरात चूल दिवसातून एकदाच पेटायची. कळंब तालुक्यातल्या आमच्या वस्तीत त्या काळी बहुतेक घरांत तसंच होतं, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. बाहत्तरच्या दुष्काळात दादा, आई आणि आत्या तिघंही सरकारी कामावर खडी फोडायला जात. दादा म्हणजे माझे वडील, आणि आत्या त्यांची धाकटी बहीण. नवऱ्यानं दोन वर्षांतच आणून सोडलेली, मूलबाळ नाही, सातवी पास. मी शाळा सुटली की खडीच्या ढिगाजवळ जाऊन बसायची, कारण तिथं पोरांना सुकडीचा खाऊ मिळायचा. घरी रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी. ती थंड झाली की मोडायला दोन्ही हात लागायचे. आत्या म्हणायची, दिवसभर खडी फोडून आलं की घरी ही फोडायची, ह्याची मजुरी वेगळी मांडाया पायजे. आई हसायची. दादा हसत नसत, कारण त्यांच्या वाटणीची अर्धी भाकरी ते माझ्या ताटात सरकवत असत आणि ते कुणाच्या लक्षात येऊ नये असं त्यांना वाटे.

त्या खडीच्या कामावर पटकीची सुई टोचायला एक नर्सबाई आली होती. माणसं सुईला भ्यायली आणि पांगली. आत्यानं त्यांना ओळीत उभं केलं, आधी स्वतःचा दंड पुढं केला, आणि मग एकेकाला नावानं हाक मारून बोलावलं. जाताना ती नर्सबाई तिला म्हणाली, सातवी झालीय ना, मग ट्रेनिंगला कामून जात नाहीस? एवढंच. पुढं उस्मानाबादला ट्रेनिंग, पांढरी साडी, आणि मग नव्यानं उभ्या राहिलेल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात नोकरी. त्या पगारावर घराची पत्र्याची खोली उभी राहिली, माझं हायस्कूल झालं, कॉलेज झालं, औरंगाबादला जाऊन वकिलीची परीक्षा झाली. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी आजही मान वर करून सांगते. मात्र पायरी माझ्या पायाखाली कुणी ठेवली, हेही सांगितलं पाहिजे.

ती आत्या गेल्या महिन्यात गेली. शेजारणीचा फोन आला, "चहा पिऊन बसल्या होत्या बाई, तशाच बसून राहिल्या." मी पोचले तेव्हा कपबशी तशीच होती, धुतलेली. म्हणजे तिनं ती विसळून ठेवली आणि मगच गेली... आयुष्यभर तिची तीच रीत.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्या बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीला, खूप माणसं आली. कारखान्याचे निवृत्त कामगार, तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्सा, तिनं बाळंतपणं केलेल्या बायका. सगळे तिच्या मायेबद्दल बोलले, आणि ते खरंच होतं. पण तिच्या आयुष्यातली जी सगळ्यात मोठी गोष्ट, ती कुणी बोललं नाही. काहींना ती माहीत नव्हती, आणि ज्यांना माहीत होती त्यांना वाटलं असेल, गेलेल्या माणसाची चूक कशाला काढा. मला ती काढायचीच आहे. कारण त्या चुकीत आत्याचा जेवढा हात होता, तेवढाच पुढच्या एका गोष्टीत माझा होता, आणि माझं वागणं तिच्याइतकं चांगलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातला एक हंगाम. कारखान्याच्या मागं ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या पडलेल्या. चिपाडाच्या, एका माणसानं वाकून आत जावं अशा. दवाखान्यात सकाळी रांग. बीडकडच्या एका टोळीतली गयाबाई नावाची बाई तिच्या चार वर्षांच्या अंकुशला घेऊन आली. पोर तापानं फणफणलेलं. डॉक्टरसाहेबांनी सुई लिहून दिली, आत्यानं ती दिली. पोर हातपाय झाडत होतं, गयाबाईनं त्याला उलटं-सुलटं कसंबसं धरलं होतं, मागं पंचवीस माणसं उभी. आत्याला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं होतं की कुल्ल्याचे मनात चार भाग करायचे, त्यातला वरचा आणि बाहेरचा भाग तेवढा सुईचा, खाली मधोमध पायाची मोठी नस असते. तिला ते पाठ होतं. पण त्या दिवशी तिनं घाई केली आणि सुई खाली गेली. पोरानं किंकाळी फोडली, ती नेहमीची नव्हती... आत्या मला नंतर म्हणाली, ती किंकाळी ऐकली तेव्हाच मला कळलं, पण मी पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी अंकुशचा उजवा पाय घोट्यातून लोंबायला लागला. चालताना बोटं जमिनीवर घासायची, चप्पल पायात राहायची नाही. गयाबाई स्वतःच म्हणाली, पायावरनं वारं गेलं. आमच्याकडं हात-पाय लुळा पडला की असंच म्हणतात. वारं गेलं. वाऱ्याला कोण काय विचारणार? टोळीतल्या म्हातारीनं कुंकवाचा टिळा लावून पायावरून लिंबाचा पाला उतरवला. डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं पाय पाहिला आणि नंतर आत्याला आत बोलावून म्हणाला, त्यांनीच वारं म्हटलंय तर म्हणू द्या सिस्टर. आपण काही खोटं सांगितलेलं नाही. महिन्याभरात पट्टा पडेल, टोळी जाईल. कारखान्यात हंगाम संपला की पट्टा पडला म्हणतात.

रविवारी आत्या एस.टी.नं कळंबला माझ्या खोलीवर आली. मी तेव्हा एका जुन्या वकिलांच्या हाताखाली काम शिकत होते. सनद मिळून सहा महिने झाले होते, आणि सहा महिन्यांच्या वकिलाइतकं कायद्याचं ज्ञान पुढं आयुष्यात कधीच होत नाही. आत्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, रडलीही नाही. मग म्हणाली, सुमे, मी त्यांना सांगितलं तर मला काय होईल, तेवढं सांग.

मी सांगितलं, आणि चांगलं दीड तास सांगितलं. निष्काळजीपणानं दुखापत केल्याचं कलम आहे. ते पोलिसांत गेले तर तुझं बोलणं हाच तुझ्याविरुद्ध पुरावा. भरपाईचा दावा वेगळा. कारखाना नोकरीवरून काढेल ते आणखी वेगळं. आणि न सांगितल्याबद्दल? त्याबद्दल काहीच नाही. दवाखान्यानं रुग्णाला आपली चूक सांगितलीच पाहिजे, असं एकही कलम मला तेव्हा माहीत नव्हतं. म्हणजे सांगितलं तर शिक्षा, गप्प बसलं तर काही नाही. वर मी तिला घटनाही ऐकवली, की कुणालाही स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

आत्या ऐकून घेत होती. मग म्हणाली, "भाग पाडू नये असं हाय ना घटनेत? आपणहून सांगू नये असं लिहिलंय का?"

मी म्हणाले, तसं नाही लिहिलेलं, पण शहाण्या माणसानं समजून घ्यायचं असतं.

"मग ऱ्हाऊ दे. मी शहाणी न्हाय," ती म्हणाली. पुढं म्हणाली, "संध्याकाळी पंचशील म्हणते ना मी... चौथ्यापाशी आवाज बसायलाय. चार दिवस झाले."

चौथं शील म्हणजे खोटं न बोलण्याचं. मी म्हणाले, तू खोटं कुठं बोललीस, तू तर बोललीच नाहीस. आज ते वाक्य आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते. पण त्या वेळी ते मला फार हुशारीचं वाटलं होतं.

आता मला काय भीती होती तेही सांगते. दादांच्या छातीत दुखायला लागलं होतं. धाकटा भाऊ बारावीला होता. माझी कमाई म्हणजे वकीलसाहेब चहाबरोबर देतील तेवढी. आत्याची नोकरी गेली तर आम्ही कुठं जाणार होतो, हे मला नेमकं माहीत होतं. मी तिथून आले होते.

आत्यानं मुद्द्याची गोष्ट सगळ्यात शेवटी सांगितली. तिला शिकवलेलं होतं की सुईनं नस दुखावली असेल तर ती हळूहळू सुधारू शकते. पाय सरळ राहील अशी पट्टी बांधली, रोज हलवला, तर वर्ष-दीड वर्षात पुष्कळ फरक पडतो. पण पाय तसाच लोंबत ठेवला तर टाच आखडते, मग नस सुधारली तरी उपयोग नाही. आणि आई-बापाच्या डोक्यात वारं बसलं असेल तर ते पट्टी कशाला बांधतील? ते अंगारा लावतील आणि नशीब म्हणून गप्प बसतील. टोळी गेली की ते पोर आपल्याला पुन्हा दिसणारही नाही. "म्हणजे बघ," ती म्हणाली, "सुई एकदाच टोचली मी. पण गप बसले तर रोज टोचल्यासारखं हाय."

वकील गप्प बसला तर वकील कसला. मी म्हणाले, ठीक आहे, सांगायचंच असेल तर तोंडी काही बोलू नकोस. मी कागद तयार करते, तोच द्यायचा. आणि मी बसून मसुदा लिहिला. मला तो अजून तोंडपाठ आहे. 'सदर मुलास तापाकरिता इंजेक्शन देण्यात आले असता तदनंतर उजव्या पायात अशक्तता आल्याचे आढळून आले. इंजेक्शन देतेवेळी अनवधानाने काही चूक झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी पुढील उपचार घ्यावेत.' लिहून झाल्यावर मी दोनदा वाचला. एक शब्द असा नव्हता की कुणी बोट ठेवावं.

आत्यानं कागद घेतला आणि ओठ हलवत सावकाश वाचला, जशी ती औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायची. मग पुन्हा वाचला. मग माझ्याकडं बघून म्हणाली,

"यात मी कुठं हाय?"

मी विचारलं, म्हणजे?

"इंजेक्शन देण्यात आलं. कुणी दिलं? चूक झाली. कुणाची? ही पण वाऱ्याचीच गत झाली की गं सुमे. त्यांनी तिकडं वारं म्हटलं, तू हिकडं कायद्यातलं वारं आणलंस."

मी तिला समजावू लागले, की तेच तर कौशल्य आहे. 'चूक झाली' म्हटलं की करणारा माणूस वाक्यात येत नाही, आणि जो वाक्यात नाही त्याला कोर्ट पकडू शकत नाही. 'चूक केली' म्हटलं की तू सापडलीस.

"मग सापडू दे की," आत्या म्हणाली. "चुकून मी हरवलेली हाय का?"

तिनं माझा तो मसुदा उलटा केला, त्याच्या कोऱ्या बाजूला घरी न्यायच्या सामानाची यादी लिहिली आणि घडी घालून कमरेला खोचला. बाजारातून जाताना तिनं तो दुकानदाराला दिला. माझ्या वकिलीतला तो पहिला मसुदा, आणि त्याचा पहिला उपयोग गोडेतेल आणि हळद आणायला झाला.

मी तिच्याबरोबर कारखान्यावर गेले. तिला अडवता येत नव्हतं, तर निदान जादा काही बोलू देऊ नये, असा माझा हिशेब. टोळी उसाच्या फडात तोडणी करत होती. गयाबाई पोराला सावलीत निजवून मोळ्या बांधत होती, आणि तिचा नवरा भगवान हातात कोयता घेऊन ऊस पाडत होता. मी आत्याला हळूच म्हणाले, आधी तो कोयता तरी खाली ठेवू दे. ती म्हणाली, त्याचं काम हाय ते, त्यानं कामून ठेवावा?

ती बांधावर थांबली नाही, आत गेली. "भगवानराव," ती म्हणाली, "तुमच्या पोराच्या पायाचं वारं न्हाय. म्या सुई दिली ती चुकीच्या जागी दिली. म्या केलं हे."

भगवाननं पहिल्यांदा ऐकलंच नसावं. मग त्याला कळलं. तो जे बोलला ते मी इथं लिहू शकत नाही. तिच्या नोकरीवरून बोलला, पांढऱ्या साडीवरून बोलला, जातीवरूनही बोलला. आत्या उभी राहिली. मी पुढं होऊन काही म्हणणार, तोवर तिनं मागं न बघता हातानंच मला थांबवलं. टोळी गोळा झाली. मुकादम म्हणाला, आता सोडू नको, लिहून घे बाईकडून, कारखान्याला गाडतो की न्हाय बघ.

तेवढ्यात गयाबाई मोळी टाकून पुढं आली.

"वारं न्हाय म्हनता?"

"न्हाय बाई. सुई हाय. माझी."

"वारं गेलं की परत येत न्हाय म्हनत्यात. सुईचं येतं का?"

"सगळं येईलच असं न्हाय. पण पट्टी बांधली, रोज हलवला, तर येतं. मी करीन."

गयाबाई तिथंच सरीत बसली. तिच्या तोंडाकडं बघून मला कळेना की ही रडतेय की काय. मग ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, मग वरडता कशाला? पाय परत येतो म्हनत्यात त्या."

तो क्षण मी कधी विसरले नाही. मी दीड तास कलमं सांगितली होती, आणि त्या सगळ्यांत 'पाय परत येतो का' हा प्रश्न कुठंच नव्हता.

तरी भगवान लिहून मागत राहिला. त्याला मुकादमाचं पटलं होतं. गंमत अशी की आत्यालाही ते लिहूनच द्यायचं होतं, पण वेगळ्या कारणानं. पोराला सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरकडं न्यायचं, तर त्याला कळायला हवं की झालं काय. नाहीतर तोही पोलिओ लिहून मोकळा होईल. म्हणजे एकच कागद. पोलिसाच्या हातात गेला तर आत्याविरुद्ध पुरावा, आणि डॉक्टरच्या हातात गेला तर अंकुशचं औषध. दोन कागद करायची सोय नव्हती. आत्या माझ्याकडं बघून म्हणाली, तुझं अक्षर चांगलं हाय, लिही. आणि मी बांधावर बसून, मांडीवर पुठ्ठा घेऊन लिहिलं. 'मी, शेवंता, दवाखान्यातील परिचारिका, मी या मुलाला सुई चुकीच्या जागी दिली. पायाची नस दुखावली. चूक मी केली.' पेन 'केली'पाशी अडलं. आत्या म्हणाली, लिही लिही, एकच काना-मात्रेचा फरक हाय. तसा तो नाही, पण मी लिहिलं. तिनं सही केली आणि तारीख घातली.

दादांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. ताट बाजूला सारून म्हणाले, शेवंता खरं बोलाया निघाली की माझ्या पोटात कळ येते, ल्हानपणापासून. मग ताट परत ओढलं आणि जेवले.

सोलापूरला कारखान्याच्या जीपमधून गेलो. ती जीप डॉक्टरसाहेबांनीच मिळवून दिली होती, तोंड वाकडं करून का होईना. तिथल्या डॉक्टरांनी कागद वाचला, आत्याला विचारलं, हे तुम्ही लिहून दिलंत? आणि म्हणाले, बरं केलंत, मी पोलिओच धरून चाललो होतो. त्यांनी पायाची पट्टी करून दिली, व्यायाम दाखवले. गयाबाईला ते लक्षात राहीनात, म्हणून आत्यानं तिच्याच पायावर करून शिकवले. दोघी जमिनीवर पाय पसरून बसलेल्या, आणि अंकुश मध्ये बसून हसत होता, कारण मोठ्या बायका पाय हलवत होत्या.

कारखान्यानं आत्याला कामावरून दूर ठेवलं आणि चौकशी लावली. तीन महिने पगार नाही. भावाची परीक्षा त्यातच झाली. आईनं पुन्हा दुसऱ्याच्या रानात खुरपणी धरली, आणि मला रोज वाटे की मी कागदावर 'झाली' लिहिलं असतं तर... पण पट्टा पडेपर्यंत आत्या रोज कोपीवर जाऊन अंकुशचा पाय हलवत असे. टोळी गेल्यावर महिन्यातून एकदा एस.टी.नं त्यांच्या गावी जाऊ लागली. पहिल्या खेपेला भगवान घरात असूनही बाहेर आला नाही. तिसऱ्या खेपेला त्यानं पाणी दिलं. घरातल्याच तांब्यातलं. आत्यानं घरी येऊन पायाच्या आधी ते तांब्याचं सांगितलं.

चौकशीत मी तिच्या बाजूनं उभी राहिले. माझं आयुष्यातलं पहिलं उभं राहणं. मी कायदा बोलले, चांगला बोलले असेन, कुणाला आठवत नाही. सगळ्यांना आठवतं ते एका वयस्कर संचालकांनी विचारलं ते. ते म्हणाले, बाई, तुम्ही गप बसला असता तर काय झालं असतं?

"तुमाला काई झालं नसतं साहेब," आत्या म्हणाली. "मला बी न्हाय."

"मग?"

"पोराला झालं असतं."

भगवान त्या कागदाच्या जोरावर पोलिसांत गेला नाही. का गेला नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही, त्यामुळे तो मोठ्या मनाचा होता असं मी लिहिणार नाही. कदाचित पट्टी आणि जीप बंद पडेल अशी भीती असेल. कदाचित गयाबाईनं जाऊ दिलं नसेल. चौकशीत त्यानं एवढंच सांगितलं, बाईनं येऊन सांगितलं म्हणून कळलं, न्हाईतर आमी वारंच धरून बसलो असतो.

आत्याला कामावर परत घेतलं. एक वेतनवाढ थांबवली आणि सेवापुस्तकात शेरा मारला. ती कचेरीत जाऊन तो शेरा बघून आली. मी विचारलं, काय लिहिलंय? म्हणाली, 'चूक केल्याबद्दल' लिहिलंय, बरोबर हाय. क्लार्कनं तिला पेढे मागितले होते म्हणे, आणि तिनं दिले.

डॉक्टरसाहेब पुढं वर्षभर तिच्याशी कामापुरतंच बोलत. मग एकदा त्यांच्या हातून एका म्हाताऱ्याला गोळ्या दुप्पट लिहिल्या गेल्या, म्हणजे त्यांनी लिहिल्या. त्यांनी म्हाताऱ्याला निरोप पाठवून बोलावून घेतलं, आणि तो आल्यावर आत्याला म्हणाले, सिस्टर, तुम्ही जरा इथं बसा. ती बसली. मग त्यांनी म्हाताऱ्याला सांगितलं, गोळ्या दुप्पट मी लिहिल्या, चूक माझी.

कामावर परतल्यापासून तिनं एक सवय लावून घेतली. लहान पोराला सुई द्यायच्या आधी ती जांभळ्या औषधाच्या बाटलीत काडी बुडवून पोराच्या कुल्ल्यावर फुली काढायची. चार भाग. मग बोटानं वरचा बाहेरचा भाग दाबायची, आईला दाखवायची, "इथं देते, बघून घे," आणि मगच सुई. मागं कितीही रांग असो. बाया कुरकुरायच्या, चड्ड्यांचे डाग निघत नाहीत. पोरं तिला फुलीवाली बाई म्हणायची. कारखान्याच्या तळ्यावर उघडी पोरं पोहायला उतरली की कुणाला ताप येऊन गेला ते लांबून कळायचं. तिच्या हाताखाली शिकलेल्या नर्सांनीही ती फुली उचलली. त्यातली एक पुण्यानुमोदनाच्या दिवशी मला म्हणाली, आता बाळांना मांडीत सुई देतात, फुलीची गरज नाही, पण मी आईला जागा दाखवल्याशिवाय देत नाही.

मी पुढं पुष्कळ वकिली केली. ग्राहक न्यायालयं आली, दवाखान्यांचे खटले आले, दोन्ही बाजूंनी लढले. डॉक्टर येतात, नर्सा येतात, दार लावून घेतात आणि तेच विचारतात जे आत्यानं विचारलं होतं, सांगितलं तर मला काय होईल? मी कायदा जसा आहे तसा सांगते. तो अजूनही सोपा नाही, आणि मी कुणाला धीर द्यायचा म्हणून खोटं सांगत नाही. फक्त आधी एक प्रश्न मी विचारते, की सांगितलं नाही तर रुग्णाला काय होईल. बरेच जण त्यावर थांबतात. काही जण निघून जातात. काही कागद मागतात, तेव्हा मी तो लिहून देते, आणि वाक्यात माणूस ठेवते.

अंकुशच्या पायाची पट्टी पावणेदोन वर्षांनी सुटली. पाय पूर्ण पहिल्यासारखा झाला नाही. पायऱ्या उतरताना तो थोडा आपटतो. आज तो उसाचा ट्रॅक्टर चालवतो. ब्रेक उजव्या पायाकडं असतो, आणि तो दाबून पाय परत उचलायला त्याला काही अडचण येत नाही.